परभणी जिल्ह्यातील निधिस्थाने : धनशोधक पाहुण्यांसाठी काही शिफारशी

शोधक्रीडेचा एक नवा प्रकार गेल्या पाव शतकात परदेशांत रूढ झाला असून आपल्याकडील मोठ्या शहरांतही त्याचे हौशी अनुयायी आढळतात. स्थाननिश्चिती करणाऱ्या उपग्रहांच्या संकेतांत अमेरिकेच्या सरकारने हेतुतः ठेवलेली अचूकतेची उणीव मे २००० च्या प्रारंभी काढून टाकली. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यातील एका गृहस्थाने रानात एक डबा ठेवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि ज्यास सापडेल त्याने तो शोधावा असे आवाहन केले. याच खेळास पुढे जिओकॅशिंग हे नाव मिळाले. त्याचे नियम लक्षात घेण्याजोगे आहेत. डबा जमिनीत पुरावयाचा नाही. तो शोधण्यासाठी कोणास कुदळ मारावी लागता कामा नये. सापडल्यावर आतील वहीत आपले नाव नोंदवावे, एखादी वस्तू घेतल्यास तितक्याच मोलाची दुसरी ठेवावी, आणि डबा जेथे होता तेथेच पुन्हा ठेवून निघून जावे.

अशा शोधकांपैकी कोणी परभणी जिल्ह्यात येऊन, येथे आवर्जून पाहावीत अशी निधिस्थाने कोणती, असे विचारल्यास इतिहासाच्या अभ्यासकाने त्यास काय सांगावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. प्रश्न वरकरणी करमणुकीचा दिसतो. परंतु ज्या भूमीत गुप्तधनाच्या नावाने मंदिरांच्या गाभाऱ्यांत खड्डे पडले आणि माणसांचे प्राणही घेतले गेले, तेथे धनशोधनाची वाट दाखविताना थोडी सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. येथे परभणी जिल्हा म्हणजे आजचा नऊ तालुक्यांचा जिल्हा समजावयाचा. परतूर तालुका १९८१ मध्ये नव्या जालना जिल्ह्यात गेला, आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे औंढा नागनाथासारखी स्थळे या विवेचनाबाहेर राहतात.

आपल्या जुन्या व्यवहारात भूमिगत धनास दोन नावे आहेत. ज्याचा धनी स्मरणात उरला नाही ते निधी, आणि कोणीतरी कोणाच्या हवाली ठेव म्हणून ठेवलेले ते निक्षेप. मराठेशाहीतील इनामपत्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांना जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण यांच्या मागोमाग निधी व निक्षेप ही जोडी येते हे ठाऊक आहेच. गाव इनाम देताना त्यातील पाणी, झाडे व गवत यांजबरोबर भूमीच्या पोटात जे काही असेल तेही देणारा देऊन टाकीत असे. ही शब्दयोजना केवळ लेखनिकाच्या सवयीची नव्हे. त्याआधीच्या कितीतरी शतकांतील ताम्रपटांतूनही निधिनिक्षेपांचा असाच उल्लेख येतो, कारण भूमिगत धनावर हक्क कोणाचा हा वादाचा विषय होता आणि त्यावर राजसत्तेचा डोळा होता.

कौटिल्याने या बाबतीत बारकाईने नियम केले आहेत. निधीची वार्ता देणाऱ्यास सहावा हिस्सा, आणि तो राजाचा चाकर असल्यास बारावा. एक लक्षाहून अधिक मोलाचा निधी राजाचा. परंतु तो आपल्या पूर्वजांचा आहे असे प्रामाणिक प्रजाजनाने पुराव्याने सिद्ध केल्यास सर्वच त्याचा. गुपचूप बळकावणाऱ्यास एक हजार पण दंड. याज्ञवल्क्यस्मृतीतही निधीचे प्रकरण आहे, आणि तीवरील मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास होता. त्या काळी गोदावरीकाठचा हा प्रदेशही चालुक्यांच्याच सत्तेखाली होता. म्हणजे येथील शेतकऱ्यास नांगराच्या फाळास लागलेल्या हंड्याचे काय करावे, याचा शास्त्रार्थ नऊशे वर्षांपूर्वीच उपलब्ध होता. तो त्याच्यापर्यंत कितपत पोहोचत होता ही गोष्ट वेगळी.

धन पुरण्यास कारणे पुष्कळ होती. पेढ्या शहरांत, त्याही थोड्या. खेड्यात घरची भुई हीच तिजोरी. १२९६ मध्ये अल्लाउद्दिनाची देवगिरीवरील स्वारी, १३१८ मध्ये यादवसत्तेचा शेवट, चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ, पाथरीच्या परगण्यासाठी निजामशाही व इमादशाही यांच्यात सोळाव्या शतकात झालेल्या लढाया, यांपैकी प्रत्येक प्रसंगी कोणी ना कोणी काहीतरी मातीआड केले असेल, आणि ते काढण्यास परत येणारा आला नसेल. पाथरीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. निजामशाहीच्या संस्थापकाचे घराणे मूळचे याच गावच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचे, असे फिरिश्ता सांगतो; तेव्हा अहमदनगरच्या सुलतानांस या परगण्याची ओढ केवळ महसुलाची नव्हती. अगदी अलीकडे, १९४७-४८ च्या धामधुमीत निजामी मुलूख सोडून जाताना दागदागिने चुलीजवळ वा गोठ्यात पुरून ठेवल्याच्या आठवणी मराठवाड्यातील जुन्या घरांतून सांगितल्या जातात.

आता मुख्य गोष्ट. आपल्या गावांची भूमी दोन रंगांनी ओळखली जाते. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि या हालचालीत तिच्या पोटातील वस्तू वर-खाली सरकत राहतात. पांढरी म्हणजे शतकानुशतकांच्या मातीच्या भिंती, राख, शेण आणि खापरे यांच्या थरांनी बनलेली उंच जागा. गाव उठून गेले तरी टेकाड राहते आणि लोक त्यासही पांढरी किंवा पांढरच म्हणतात. गोदावरी, दुधना व पूर्णा यांच्या काठाने जाताना अशी टेकाडे वारंवार दृष्टीस पडतात. माळवदावर घालण्यासाठी हीच माती लागे, शेतास खत म्हणूनही ती नेत. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर उतारावर धुऊन निघालेली नाणी, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे मुले वेचीत. धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशाच वेचलेल्या वस्तू आयुष्यभर जमविल्या, आणि आज तेथील संग्रहालय त्यांच्या नावाने उभे आहे. तेरच्या मातीत रोमन व्यापाराच्या खुणा आहेत हे जगास कळण्यात त्या संग्रहाचा वाटा मोठा आहे. हे काम करणारा मनुष्य विद्यापीठातील पंडित नव्हता, एका गावाचा रहिवासी होता, याची नोंद येथे मुद्दाम करीत आहे.

पांढरीच्या मातीतून निघणारे सर्वांत बोलके धन म्हणजे नाण्यांचा अखंड संचय. अखंड या शब्दावर आमचा भर आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपान या क्षत्रपाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यांपैकी ९,२७० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले छाप पुन्हा ठोकले होते. नहपानाच्या मुखवट्यावर सातवाहनांची तीन कमानींची टेकडी आणि उज्जयिनी चिन्ह. गौतमीपुत्राने क्षहरात कुळाचा उच्छेद केला हे त्याच्या मातेच्या नाशिक येथील लेण्यातील लेखात आहेच. परंतु जिंकलेल्या राजाची चांदी वितळविण्याचीही वाट न पाहता तिच्यावर आपली मुद्रा उमटविण्यात आली, हे सांगणारा साक्षीदार हा संचयच होय. दर तीन नाण्यांपैकी दोन पुन्हा छापलेली होती हे प्रमाण तरी कशावरून कळते? सर्व नाणी एका ठिकाणी मोजता आली यावरून. त्यांतील चांगली शंभर नाणी निवडून कोणी सोनारास विकली असती आणि बाकीची आटविली असती, तर हाती काही सुबक नाणी राहिली असती, इतिहास राहिला नसता.

परभणीच्या उत्तरेस, आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळे येथे १९३९ मध्ये मिळालेला संचय आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने याहून जवळचा. तांबे, शिसे व कथिल यांच्या मिश्रधातूची, ज्यास पोटीन म्हणतात त्याची, सुमारे १,६०० सातवाहन नाणी त्यात होती. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास १९४० मध्ये प्रसिद्ध केला. पुराणांतील वंशावळीत ज्यांचा पत्ता नाही असे कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी हे राजे त्या मळकट नाण्यांवरून प्रथमच उजेडात आले. संचयातील शेवटची नाणी विजय या राजाची असल्याने तो तिसऱ्या शतकाच्या प्रारंभाच्या सुमारास पुरला गेला असावा, असाही अंदाज बांधता येतो. सोनाराच्या काट्यावर या सोळाशे नाण्यांची किंमत जवळजवळ शून्य. तीन विस्मृत राजांची नावे ज्या धातूने परत दिली, त्या धातूस बाजारात कोणी विचारणार नाही.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाचे मूळ खणताना चार ब्रांझ शिल्पे मिळाली. बैल जोडलेला रथ व त्यात उभा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोग्रॅमहून अधिक. भारतीय धातुशिल्पांत त्यांना तोड नाही. पुढे तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले आणि ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे थर नीट उलगडले. पण ही शिल्पे त्यांपैकी कोणत्या थरातील, हे मात्र ती हाताने उपसली गेल्यामुळे निर्विवादपणे ठरविता आले नाही. कोणी त्यांना उत्तर हडप्पाकाळातील मानतो, तर कोणी धातूतील सोमलाच्या प्रमाणावरून त्याविषयी शंका घेतो. शोधणाऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. तो सरपण काढीत होता. परंतु वस्तू सर्वच्या सर्व मिळूनही, तिच्या भोवतालची वीतभर माती हलली की तिची अर्धी जबानी कायमची बंद होते, हे यावरून ध्यानात यावे.

ज्यांना झाडाचे मूळ नव्हे, तर हंडाच काढावयाचा असतो, त्यांची गोष्ट निराळी. आपल्याकडील गुप्तधनाच्या कल्पना वाचकांस परिचित आहेत. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातल्यास भूमीतील धन दिसते. त्यावर नाग राखण बसलेला असतो. नशिबात नसणाऱ्याच्या हाती त्याचा कोळसा होतो. अमावास्येच्या रात्री हंडे साखळ्या वाजवीत एका जागेवरून दुसऱ्या जागी जातात. यांतील काहींचे मूळ सहज सांगता येते. जुन्या वाड्यांत धान्याची पेवे असत. ती रिकामी पडून वर माती लोटली गेली की पायाखाली पोकळ आवाज येतो, आणि खाली तळघर असून त्यात रांजण आहेत ही वार्ता गावभर होते. त्या पेवात एके काळी ज्वारी होती, आणि दुष्काळात तिचे मोल सोन्याहून कमी नव्हते, हे सांगून कोणास पटत नाही.

दानशिळा व वीरगळ यांची याहून वाईट दशा झाली. दानशिळेवर वर सूर्य व चंद्र कोरलेले असतात. त्यांचा अर्थ एवढाच, की सूर्यचंद्र असेतो हे दान चालावे. वीरगळाच्या माथ्यावर कलश असतो. वीर स्वर्गास गेला, शिवसायुज्यास पोहोचला, याचे ते चिन्ह. धनलोभ्यांनी मात्र सूर्यचंद्रांत दिशेची खूण आणि कलशात मोहरांचा हंडा पाहिला, आणि या शिळांच्या मुळाशी खड्डे घेतले. जे दान आचंद्रार्क चालावे म्हणून दगडावर लिहून ठेवले, तो दगडच लेखाच्या अज्ञानामुळे उखडला गेला. मंदिरांतील पिंडी हलविणे, नंदी फोडणे, गाभाऱ्याची फरशी उखडणे हे प्रकारही याच जातीचे.

मूर्ती फोडण्यावर हे थांबले नाही, याचा दाखला दुर्दैवाने याच जिल्ह्याने दिला आहे. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात मानवत येथे आणि भोवतालच्या शिवारात बालिका व स्त्रिया यांच्या हत्यांची मालिका घडली. तपासाचे काम रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आले होते. वाड्यातील पिंपळाखाली धन आहे, तेथील मुंजास रक्त दिल्यावाचून ते हाती लागणार नाही, आणि संततीही होणार नाही, अशा समजुतीतून हे बळी गेले, असे अभियोगपक्षाने परभणीच्या सत्र न्यायालयात मांडले. पुढे काही आरोपींच्या शिक्षा कायम राहिल्या, तर सूत्रधार म्हणून उभ्या केलेल्या दोघांची उच्च न्यायालयात मुक्तता झाली. न्यायनिवाड्याच्या खोलात जाण्याचे हे स्थळ नव्हे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढे पाहावे की १९७२ हे मराठवाड्यात दुष्काळाचे वर्ष होते, लोक खडी फोडावयास जात होते, आणि धनाच्या हंड्याची कथा, जी एरवी आजीच्या तोंडी शोभते, ती अशा वेळी लेकरांच्या जिवावर उठली. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये झाला. मौल्यवान वस्तू व गुप्तधन यांच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये त्याच्या अनुसूचीत स्पष्टपणे नमूद आहेत. ही कलमे कोणत्या अनुभवातून आली असतील, हे परभणीकरांस समजावून सांगण्याची गरज नाही.

निधीसंबंधीचा मूळ कायदा मात्र याहून पुष्कळ जुना, १८७८ चा आहे. भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी वर्दी द्यावयाची. न दिल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. हक्क सांगणारा पुढे न आल्यास व निधी बेवारस ठरल्यास शोधणाऱ्यास तीनचतुर्थांश आणि जागेच्या मालकास एकचतुर्थांश, अशी सर्वसाधारण वाटणी आहे. सरकारला तो स्वतःकडे ठेवावयाचा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. कौटिल्याच्या षष्ठांशाहून ही तरतूद दिसावयास उदार आहे. परंतु तिच्यात एक मोठे वैगुण्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती धातूचे मोल करते, ज्ञानाचे करीत नाही. तऱ्हाळ्यासारखा पोटीनचा संचय उद्या परभणीच्या एखाद्या शेतात निघाला, तर या हिशेबाने शेतकऱ्याच्या पदरात जुनी भांडी मोडीत काढल्याएवढे पैसे पडतील, आणि त्यासाठी कचेरीच्या खेपा घालाव्या लागतील त्या निराळ्याच. सोन्याचा संचय निघाला तर वर्दी देण्यापेक्षा आटविणे त्यास सोपे वाटेल. वस्तू व तिची जागा या दोहोंची माहिती प्रामाणिकपणे देणाऱ्यास तिच्या ऐतिहासिक मोलाप्रमाणे पारितोषिक आणि संग्रहालयातील पाटीवर त्याचे नाव, एवढी सोय झाली तरी कितीतरी हंडे भट्टीपासून वाचतील.

इतके सांगून झाल्यावर पाहुण्यास कोठे धाडावे? ज्याचा खेळच मुळी न खणण्याचा आहे, त्यास या जिल्ह्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. आणि ते बहुतेक उघड्यावर आहे.

प्रथम चारठाणा. जिंतूर तालुक्यातील या गावी एके काळी तीनशे साठ मंदिरे होती असे लोक सांगतात. संख्या परंपरेची आहे, तीवर हटून बसू नये. पण गावात शिरताच कोरीव दगड घरांच्या जोत्यांत, पारांत, ओट्यांत जागोजाग दिसू लागले की परंपरेने फारशी अतिशयोक्ती केली नसावी असे वाटू लागते. यादवकाळाच्या आगेमागे घडलेली मंदिरे, कोरीव कामाचा एक उत्तुंग स्तंभ, पायऱ्यांची बारव, एवढे तरी सावकाश पाहावे. शोधकाने येथे स्वतःसाठी एक खेळ लावून घ्यावा. घराच्या भिंतीत बसलेला एखादा स्तंभशीर्षाचा वा द्वारशाखेचा तुकडा निवडावा, आणि तो मूळचा कोणत्या मंदिराचा असेल हे उभ्या अवशेषांशी ताडून पाहावे. मापे घ्यावीत, छायाचित्र काढावे, घरमालकास विचारून नोंद करावी. हा डबा कधी रिकामा होणार नाही.

सेलू तालुक्यातील वालूर येथील बारव ही निराळ्या धर्तीची. तिच्या पायऱ्या सरळ रेषेत उतरत नाहीत. त्या चक्राकार फिरत पाण्यापर्यंत जातात. असा प्रकार आपल्याकडे विरळा. अलीकडच्या काळापर्यंत ती गाळाने व झुडपांनी भरलेली होती. ग्रामस्थांनी श्रमदानाने ती उपसून मोकळी केली. गावकऱ्यांनी मिळून खणावे आणि खाली खरोखरच काहीतरी निघावे, असे प्रसंग क्वचितच येतात. येथे पायऱ्या निघाल्या, आणि पाणी निघाले.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव म्हणून सर्वश्रुत आहे. त्याच तालुक्यात गोदावरीच्या तीरावर धारासूर येथे गुप्तेश्वराचे मंदिर आहे. नावातील गुप्त या शब्दाने धनलोभ्याने हुरळून जाऊ नये. देव गुप्त आहे, धन नव्हे. बाह्यभिंतींवरील सुरसुंदरींची शिल्पे उन्हाच्या तिरप्या प्रकाशात, म्हणजे सकाळी लवकर किंवा दिवस कलताना, पाहावीत. येथून गोदाकाठाने वर गेल्यास पाथरी तालुक्यातील मुद्गल येथे नदीच्या पात्रातच उभे असलेले मुद्गलेश्वराचे मंदिर लागते. पुराच्या दिवसांत तेथे जाण्याचा आग्रह धरू नये. जिंतूरजवळील नेमगिरीच्या जैन लेण्यांत लहानशा आधारावर टेकलेली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. अंधाऱ्या, वाकून शिरावयाच्या दालनांतून जाताना शोधकास त्याच्या खेळाची गोडी आपोआप मिळेल.

पाथरी येथे दाखविण्याजोगी वास्तू शोधण्यापेक्षा गावाची कीर्ती आठवावी. जुन्या ग्रंथांतील पार्थपूर ते हेच. येथील ज्ञानराज या ज्योतिषाने १५०३ मध्ये सिद्धान्तसुंदर हा ग्रंथ रचला. त्याचा पुत्र सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या लीलावतीवर व बीजगणितावर टीका लिहिल्या, आणि रामकृष्णविलोमकाव्य नावाचे एक विलक्षण काव्यही केले. त्यातील श्लोक सरळ वाचावा तर रामाची कथा, आणि अक्षरे उलट्या क्रमाने वाचावीत तर कृष्णाची. सांकेतिक कोडी सोडविण्याची हौस बाळगणाऱ्या पाहुण्यास याहून जुने व याहून अवघड कोडे या जिल्ह्यात दुसरे मिळणार नाही.

आता एक असे निधिस्थान, ज्यास अक्षांश-रेखांश देऊन उपयोग नाही. परभणी येथे एक ताम्रपट मिळाला असून तो परभणी ताम्रपट या नावानेच अभ्यासकांत ओळखला जातो. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकात तो प्रसिद्ध झाला. शके ८८८ मधील, म्हणजे इसवी सन ९६६ मधील हे दानपत्र वेमुलवाडच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या अरिकेसरीचे आहे. वेमुलवाड आज तेलंगणात. हे घराणे मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचे मांडलिक. कन्नड महाकवी पंप हा याच घराण्यातील दुसऱ्या अरिकेसरीच्या आश्रयास होता. बद्देगाने लेंबुलपाटक येथे बांधलेल्या शुभधाम जिनालयाच्या डागडुजीसाठी व पूजेसाठी त्याच्या पुत्राने, तिसऱ्या अरिकेसरीने, एक गाव दिले, आणि ते दान सोमदेवसूरींच्या हाती सोपविले, असा पटाचा आशय.

हे सोमदेवसूरी म्हणजे यशस्तिलक चंपूचे कर्ते. यशस्तिलक शके ८८१ मध्ये, राष्ट्रकूट तिसरा कृष्ण दक्षिणेतील विजयानंतर मेलपाटी येथे तळ देऊन असताना, पूर्ण झाले हे ग्रंथाच्या शेवटी सांगितले आहे. त्यानंतर सात वर्षांनी ग्रंथकार हयात होता, कोठे होता, कोणत्या राजाने त्यास मान दिला आणि त्याची गुरुपरंपरा काय होती, हे आपल्यास त्या तांब्याच्या पत्र्यांवरून समजते. वेमुलवाडच्या राजांची सलग वंशावळ लावण्यासही याच पटाचा आधार मिळाला. एका लेखकाचे पुस्तक एकीकडे आणि त्याच्या हयातीचा राजदप्तरातील पुरावा दुसरीकडे, असे जुळून येणे प्राचीन भारतीय वाङ्मयाच्या इतिहासात फार दुर्मीळ आहे.

ज्या पाहुण्यास हे निधिस्थान पाहावयाचे असेल त्याने ग्रंथालयात जाऊन त्रैमासिकाचा तो अंक मागावा, आणि त्याबरोबर वेंकटरमणय्या यांचे वेमुलवाडच्या चालुक्यांवरील १९५३ मधील पुस्तक. वेळ उरल्यास सोमदेवांचाच नीतिवाक्यामृत हा ग्रंथही चाळावा. राजाचा खजिना कसा असावा आणि तो कसा भरावा, यावर त्यात कोशसमुद्देश नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे.